एक केबिन, पाच माणसे

बुलढाणा जिल्ह्यातून समुद्र गाठायचा, तर आधी एक रात्र रेल्वेत काढावी लागते. जिल्ह्यातले खारे पाणी म्हणजे लोणारचे सरोवर. त्यात जहाज चालत नाही. मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही मुंबई-नागपूर लोहमार्गावरची स्थानके जिल्ह्याच्या उत्तर अंगाला आहेत, जलंबहून एक छोटा फाटा खामगावला जातो. खुद्द बुलढाणा शहराला रेल्वे नाही. तिथल्या प्रवाशाला राजूर घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूर गाठावे लागते. तिथून रात्रीची गाडी पकडली, की सकाळी मुंबई. बॅलार्ड पिअर हा मोठ्या प्रवासी जहाजांचा धक्का छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून फार दूर नाही.

मुंबईहून सुटणाऱ्या सहलीच्या जहाजांची ओळख मराठी वाचकाला २००५च्या सुमारास 'सुपरस्टार लिब्रा'मुळे झाली. २०२१च्या सप्टेंबरपासून 'कॉर्डेलिया'चे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईतून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले, आणि 'क्रूझ' हा शब्द जिल्ह्याच्या गावांतील सुट्टीच्या बेतांतही ऐकू येऊ लागला. दोन, तीन किंवा पाच रात्रींची सहल. आई-वडील, दोन मुले आणि 'एकदा समुद्र बघू दे' म्हणणारी आजी. खर्चाचा हिशेब होतो, कपड्यांची खरेदी होते, जहाजावर शाकाहारी जेवण मिळते की नाही याची चार ठिकाणी चौकशी होते. कोण कुठे झोपणार, हा प्रश्न मात्र केबिनचे दार उघडेपर्यंत कोणालाही सुचत नाही. दार उघडल्यावर तो सोडविण्यास फारसा वाव उरलेला नसतो.

याचे कारण सवयीत आहे. मराठी घरात अंथरूण ही हलती वस्तू आहे. पाहुणे आले, की कपाटावरची गाद्यांची थप्पी खाली येते, सतरंजी पसरली जाते आणि दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे सुखाने झोपतात. लग्नघरात तर मोजदादच नसते. शेगावला दर्शनासाठी आलेले कुटुंबही खोलीतल्या दोन पलंगांकडे पाहून गडबडत नाही; म्हातारी माणसे पलंगावर, बाकीचे खाली, एवढ्यात प्रश्न मिटतो. खामगाव-शेगावच्या उन्हाळ्यात तर गच्ची हीच शेजघर होते आणि जागेचा प्रश्न आकाशाएवढा सैल होतो. 'एक माणूस वाढला तर काय बिघडले, घेऊ सामावून' ही वृत्ती आपल्या घरांचे भूषण आहे. जहाजाच्या केबिनमध्ये नेमकी तीच अडचणीत आणते.

जागा माणसाची, पलंगाची नव्हे

जहाजावर केबिनची क्षमता पलंगांच्या संख्येवरून ठरते, हे अर्धेच खरे आहे. त्यामागे दुसरा आकडा असतो, तो जीवरक्षक नौकांचा. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाले तेव्हा त्यावर सुमारे २,२०० माणसे होती आणि जीवरक्षक नौकांत जागा होती ती १,१७८ जणांची. त्यानंतर १९१४ साली लंडनमध्ये सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. 'सोलास' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा तो करार पुढे अनेकदा सुधारला गेला आणि आजही त्याचेच नियम चालतात. जहाजावरच्या प्रत्येक प्रवाशाचे नाव यादीत असते आणि संकटकाळी त्याने कुठे जमायचे, हे केबिनच्या क्रमांकावरून आधीच ठरलेले असते.

म्हणून चार जणांच्या केबिनमध्ये पाचवा माणूस 'खाली गादी टाकून' झोपू शकत नाही. व्यवस्थापक अडेलतट्टू आहे म्हणून नव्हे. एक तर गादी टाकण्याएवढी मोकळी जमीन उरलेलीच नसते. दुसरे म्हणजे, रात्री धोक्याची घंटा वाजली, वीज गेली आणि दाराकडे जायच्या वाटेत कोणी आडवे झोपलेले असले, तर काय होईल याची कल्पना करावी. तान्हे मूलही या हिशेबात एक माणूस असते. आईच्या कुशीत झोपणार आहे म्हणून ते मोजणीतून सुटत नाही. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला जहाजावर घेतच नाहीत, आणि लांब पल्ल्याच्या सफरींना ही अट एक वर्षाची असते.

अर्थ एवढाच, की पाच जणांच्या कुटुंबाने आरक्षण करतानाच निर्णय घ्यायला हवा. पाच जणांची केबिन काही जहाजांवर असते, सगळ्यांवर नसते. ती नसेल तर दोन केबिन घेणे एवढाच मार्ग राहतो. त्याचा विचार पुढे येईल.

तालीम रेल्वेच्या डब्यात

आदल्या रात्रीचा रेल्वेप्रवास हा या सगळ्याची फुकट मिळालेली तालीम आहे. शयनयान डब्यात आठ-आठ बर्थचे कप्पे असतात. १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे. ७ बाजूचा खालचा आणि ८ बाजूचा वरचा. हीच मालिका पुढे ९ पासून पुन्हा सुरू होते. त्यामुळे क्रमांकाला आठने भागून उरलेली बाकी पाहिली, की तिकीट हाती पडताच आजीला खालचा बर्थ मिळाला की नाही ते कळते.

पुष्कळदा तो मिळत नाही, आणि त्याचे कारण अनेकांना ठाऊक नसते. ज्येष्ठ नागरिक आणि ४५ वर्षांवरील महिला यांच्यासाठी खालच्या बर्थचा राखीव वाटा आहे. परंतु तो प्रवासी एकटा किंवा अशाच दुसऱ्या एका प्रवाशाबरोबर तिकीट काढतो तेव्हाच लागू होतो. नातवंडांसह पाच जणांचे एकत्र तिकीट काढले, की आजी त्या वाट्यातून बाहेर पडते. तिचे तिकीट वेगळे काढावे, तर ती दुसऱ्या डब्यात जाण्याची शक्यता. दोन्हींतले कमी वाईट कोणते, हे आजीच्या गुडघ्यांवरून ठरवावे. एकत्र तिकिटात निदान एक खालचा बर्थ असेल आणि आजीला तो देण्याचे घरात आधीच ठरले असेल, तर वेगळ्या तिकिटाच्या फंदात न पडणे बरे.

मुलांच्या बाबतीत २१ एप्रिल २०१६ पासून नियम बदलला. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ हवा असेल, तर पूर्ण भाडे पडते. अर्ध्या भाड्यात मूल प्रवास करू शकते, मात्र बर्थ मिळत नाही. पैसे वाचविण्यासाठी आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आई जेमतेम दोन फूट रुंदीच्या बर्थवर कूस न बदलता रात्र काढते, हे दृश्य रात्रीच्या कोणत्याही गाडीत दिसते. मे २०२२ मध्ये उत्तर रेल्वेने लखनऊ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडलेला चिमुकला 'बेबी बर्थ' प्रायोगिक तत्त्वावर बसविला होता, तो याच अडचणीवरचा उपाय होता. मलकापूरहून निघालेल्या आईला अजून तरी स्वतःचाच हात आडवा धरून बाळाला पडण्यापासून वाचवावे लागते.

ज्या गादीवर ही माणसे झोपतात, तिच्याशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे. सत्तरच्या दशकापर्यंत दुसऱ्या वर्गाचे बर्थ म्हणजे उघड्या लाकडी फळ्या होत्या. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेले प्रा. मधु दंडवते यांनी त्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसविण्याचा निर्णय घेतला. वर्गविरहित 'गीतांजली एक्स्प्रेस' त्यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर १९७७ मध्ये धावू लागली, आणि मुंबई-हावडा मार्गावरची ही गाडी बुलढाणा जिल्ह्यातूनच जाते. कोकणातल्या राजापूरच्या खासदाराने दिलेल्या दोन इंचांवर वऱ्हाडातली पाठ टेकते, हा योगायोग मोठा लोभस आहे.

जहाजाशी रेल्वेचे नाते याहून जवळचे आहे. केबिनमध्ये भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचा जो वरचा पलंग असतो, त्याला जहाजावरचे कर्मचारी आजही 'पुलमन' म्हणतात. जॉर्ज पुलमन हा अमेरिकेतला रेल्वेच्या डब्यांचा कारखानदार. दिवसा छताला मिटून ठेवायचा आणि रात्री उघडायचा बर्थ त्याने १८६०च्या दशकात आपल्या शयनयानांत आणला. रेल्वेतून तो जहाजावर गेला. डब्यात वरच्या बर्थवर कोण नीट झोपते, कोण रात्रीतून दोनदा उतरते, कोणाला वर चढल्यावर गुदमरल्यासारखे होते, कोणाचा पाय पायरी शोधताना चाचपडतो, हे आई-वडिलांनी त्या एका रात्रीत टिपून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये वाद घालावा लागत नाही.

खडूने आखलेली केबिन

जहाजावरच्या साध्या, खिडकी नसलेल्या केबिनचे क्षेत्रफळ साधारणपणे सव्वाशे ते दीडशे चौरस फूट असते, आणि स्नानगृह, कपाट व आरशाचे मेज त्यातच बसविलेले असते. आकड्यातून याची कल्पना येत नाही. निघण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी दिवाणखान्यातील खुर्च्या सारून फरशीवर खडूने दहा फूट बाय चौदा फुटांचा चौकोन आखावा, त्यात दाराजवळ पाच बाय पाचचे स्नानगृह कापून टाकावे, दोन्ही कडांना अडीच-अडीच फूट रुंदीचे दोन पलंग मांडावेत आणि घरातल्या सर्वांनी त्यात पाच मिनिटे उभे राहावे. माहितीपत्रकातले छायाचित्र जे सांगत नाही, ते या पाच मिनिटांत कळते. मुले या खेळाने खूश होतात, हा वरचा लाभ.

चार जणांच्या केबिनमध्ये बहुधा दोन पलंग खाली आणि दोन 'पुलमन' त्यांच्या वर असतात. काही ठिकाणी एका वरच्या पलंगाऐवजी उघडून झोपायचा सोफा असतो. फरक किरकोळ वाटला, तरी आजी बरोबर असेल तर तो मोठा आहे. कारण सोफा म्हणजे जमिनीजवळची आणखी एक जागा. उलट, उघडलेला सोफा बरोबर वाटेत येतो आणि रात्री स्नानगृहाकडे जाणाऱ्याला त्याला वळसा घालावा लागतो.

जोडप्यांची एक हौस इथे आड येते. दोन जणांसाठी घेतलेल्या केबिनमध्ये खालचे दोन पलंग जोडून एक मोठा पलंग करून मिळतो. वरचे पलंग उघडायचे असतील, तेव्हा पुष्कळ जहाजांवर खालचे पलंग वेगळेच ठेवावे लागतात. जोडले तर ते वरच्या पलंगाखालून सरकतात आणि शिडी लावायला जागा उरत नाही. लहान मुलाला आई-वडिलांच्या मधोमध झोपवायचा बेत त्यामुळे फसतो. हे आधी ठाऊक असलेले बरे.

मान आणि पलंग

घरात झोपण्याच्या जागा मानाने ठरतात. वडीलधाऱ्यांना पलंग, पाहुण्याला पंख्याखालची जागा, जावयाला आतली खोली. केबिनमध्ये दोनच प्रश्न विचारायचे असतात: रात्री कोण उठते, आणि कोण पडू शकते?

रात्री उठणाऱ्यांत आजी पहिली. तिला स्नानगृहाच्या बाजूचा खालचा पलंग द्यावा. जहाजाच्या स्नानगृहाला पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंच उंबरठा असतो. दिवसाउजेडी तो दिसतो, रात्री पायाला लागतो. समुद्र संथ असला तरी जहाज किंचित डोलत असते. घरी अंधारात सहज चालणाऱ्या माणसाचाही तोल या दोन्हींमुळे जातो. पडून मोडलेले खुब्याचे हाड ही सत्तरीच्या माणसाच्या आयुष्याला वळण देणारी घटना असते, आणि सर्वात जवळचे मोठे रुग्णालय तेव्हा कित्येक सागरी मैलांवर असते. आजीच्या उशाशी औषधांची डबी, पाण्याची झाकणाची बाटली आणि एक छोटी बॅटरी असावी. मधुमेह असेल तर साखर किंवा बिस्किटे हाताशी असावीत, म्हणजे ती शोधायला उठावे लागत नाही.

आजीच्या डोक्यावरचा पलंग उघडा असेल, तर उठून बसताना कपाळ आपटते. पहिल्या रात्री हे प्रत्येकाला एकदा घडतेच. म्हणून वरच्या दोहोंपैकी एकच पलंग लागणार असेल, तर आजीवरचा मिटूनच ठेवण्यास सांगावे. केबिन सांभाळणारा कर्मचारी रोज सायंकाळी पलंग उघडून अंथरुणे घालतो आणि सकाळी मिटून ठेवतो. त्याला पहिल्याच दिवशी कोणता पलंग हवा, कोणता नको, शिडी कुठे लावायची, हे सांगितले की सहल संपेपर्यंत ती घडी बसते.

पडू शकणाऱ्यांत अर्थातच मुले. सहा वर्षांखालील मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे, आणि अनेक जहाज कंपन्याही जवळपास याच वयाची अट घालतात. वरची जागा ही मुलांना गडासारखी वाटते. पाच वर्षांचे पोर 'मी नाही पडणार' असे शपथेवर सांगते, आणि जागेपणी ते पडतही नाही. धोका असतो तो झोपेत कूस बदलताना आणि अर्धवट झोपेत उतरताना. घरचा पलंग समजून ते सरळ पाऊल टाकते. लहान मूल म्हणूनच खाली, आई किंवा वडिलांबरोबर, भिंतीच्या बाजूला. अडीच फुटांच्या पलंगावर दोघांची झोप मोडते हे खरे. आरक्षणाच्या वेळी मागणी नोंदविली, तर दोन वर्षांखालील बाळासाठी बहुतेक कंपन्या घडीचा पाळणा देतात. तो मांडल्यावर उरलेली जमीनही संपते, त्यामुळे तो कुठे बसेल हे खडूच्या चौकोनातच पाहून ठेवावे.

आठ-दहा वर्षांपुढचे मूल वर झोपू शकते. मात्र इथे एक घरगुती प्रेम धोक्याचे ठरते, ते गोधडीचे. पोराला मऊ लागावे, थंडी वाजू नये, म्हणून आई घरची गोधडी गादीवर पसरते, कधी दुहेरी करून. वरच्या पलंगाचा कठडा हा गादीच्या उंचीवर हिशेब करून लावलेला असतो. अमेरिकेत दुमजली पलंगांसाठी जो सुरक्षा नियम आहे, त्यानुसार कठड्याची वरची कड गादीच्या वर किमान पाच इंच असावी लागते. खाली तीन इंच गोधडी घातली, की त्या पाचांचे दोन उरतात. गोधडी पांघरायला घ्यावी, अंथरायला नव्हे. पांघरायला ती लागतेच, कारण वातानुकूलन यंत्राचा झोत पुष्कळदा वरच्या पलंगावरच येतो.

शिडीवरून पाठ फिरवून उतरू नये, तोंड शिडीकडे ठेवून उतरावे, हे मुलाला दिवसा दोन-चारदा करून दाखवावे. शिडीच्या पायथ्याशी रात्री चपला, बॅगा, पाण्याचा पेला काही नसावे. दोन भावंडांत वरच्या जागेवरून भांडण ठरलेले. दोन्ही वरचे पलंग उघडे असतील तर प्रश्न नाही. एकच असेल, तर एक रात्र याची आणि एक रात्र त्याची असा बेत कागदावर न्याय्य असला, तरी व्यवहारात त्रासाचा होतो. मध्यरात्री जाग आलेल्या मुलाला आज आपण वर आहोत की खाली, हे आठवत नाही. जागा एकदा ठरवावी आणि शेवटपर्यंत तीच ठेवावी. भांडण परवडते.

वडिलांनी वरचा पलंग घेणे हा सर्वात साधा तोडगा. भारदस्त शरीरयष्टीच्या गृहस्थांनी वर चढण्यापूर्वी वजनाची मर्यादा तेवढी विचारून घ्यावी. घोरणाऱ्याला कुठे झोपवावे, या प्रश्नाला मात्र दीडशे चौरस फुटांत उत्तर नाही.

अंधार, ओढ आणि आडोसा

खिडकी नसलेली केबिन स्वस्त असते आणि झोपेसाठी चांगलीही, पण तिच्यात दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो. गच्चीवर चांदण्यात झोपलेल्या किंवा खिडकीतून रस्त्यावरचा दिवा दिसणाऱ्या मुलाने असा काळोख कधी पाहिलेला नसतो. सकाळ झाली हेही आत कळत नाही. स्नानगृहाचा दिवा लावून दार बोटभर उघडे ठेवणे, हा जगभरच्या प्रवाशांचा उपाय आहे. डोलण्याने ते दार आपटू नये म्हणून फटीत रुमाल अडकवावा. बॅटरीवरचा छोटा दिवा त्याहून चांगला. विजेच्या जोडण्या केबिनमध्ये मोजक्या असतात, आणि एकाला चार जोडण्या करणारी घरची पट्टी आगीच्या भीतीने अनेक जहाजांवर काढून घेतली जाते. विजेची किटली आणि इस्त्रीचेही तसेच. आजीच्या पहाटेच्या चहासाठी किटली न्यायचा बेत घरीच सोडावा.

जहाज लागण्याचा त्रास होणाऱ्या माणसाला वरच्या मजल्यावरची आणि टोकाकडची केबिन जास्त हलते. मध्यभागाची, खालच्या मजल्यावरची कमी. कुटुंबात असा एक जरी असेल, तरी दृश्यापेक्षा ही जागा मागावी, आणि त्या माणसाला खालचाच पलंग द्यावा, कारण रात्री त्याला घाईने उठावे लागते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, त्यामुळे मुंबईहून सुटणाऱ्या सफरींचा मुख्य हंगाम पावसाळा सरल्यावरचा असतो.

आडोशाचा विषय माहितीपत्रकांत कधीच नसतो. वयात आलेली मुलगी, सासू, सून आणि घरचे पुरुष एका खोलीत असताना कपडे बदलायला स्नानगृह हीच एक जागा असते, आणि सायंकाळच्या जेवणाआधी पाचही जणांना ती एकाच वेळी हवी असते. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात. चुंबकाचे चार आकडे नेले, तर ओढणी किंवा पातळ चादर टांगून कोपरा झाकता येतो आणि ओले टॉवेलही जमिनीवर पडत नाहीत. छतातील पाणी फवारणाऱ्या नळ्यांना मात्र काहीही अडकवू नये. आंघोळीच्या पाळ्या लावल्या, आणि मुलांना घेऊन एकाने अर्धा तास वरच्या मजल्यावर फिरायला जायचे ठरवले, तर बाकीचे निभावते.

एक की दोन?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाला बहुधा कमी भाडे पडते. म्हणूनच कुटुंबे एका केबिनमध्ये दाटीवाटीने राहतात. बंदराचे शुल्क आणि इतर आकार मात्र प्रत्येकाला वेगळे लागतात, तेव्हा तुलना मूळ भाड्याची न करता अंतिम रकमेची करावी. गावातल्या दलालाकडे आरक्षण करताना 'चार जणांची केबिन' एवढ्या शब्दांवर थांबू नये. खालचे पलंग किती, वरचे किती, सोफा आहे का, वरच्या पलंगाला वयाची अट काय, पाळणा मिळेल का, हे विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. दलालाला ते ठाऊक नसेल, तर केबिनचा क्रमांक मागून जहाजाच्या आराखड्यात पाहावे. कोणत्या केबिनमध्ये किती पलंग, याच्या खुणा त्यात दिलेल्या असतात.

आजी बरोबर असेल आणि सफर दोन रात्रींहून मोठी असेल, तर दोन केबिनच घ्याव्यात. शेजारच्या, आतून दाराने जोडलेल्या मिळाल्या तर उत्तम. न मिळाल्यास समोरासमोरच्याही चालतात. वाटणी करताना आजीला एकटी ठेवू नये; मोठे नातवंड तिच्यासोबत असावे, म्हणजे दोघांनाही खालचे पलंग मिळतात. केवळ मुलांना वेगळ्या केबिनमध्ये ठेवण्यास कंपन्या सहसा परवानगी देत नाहीत. दोन रात्रींची सहल असेल आणि आजी घरी असेल, तर चौघे एका केबिनमध्ये मजेत राहतात. आदल्या रात्रीचा रेल्वेचा कप्पा याहून मोठा नव्हता.

पहिली संध्याकाळ

जहाजात शिरल्यावर सगळे खादाडीकडे आणि पोहण्याच्या तलावाकडे धावतात. त्याआधी दहा मिनिटे केबिनमध्ये घालवावीत. कपाटातील जीवरक्षक जाकिटे मोजावीत. मोठ्यांची जाकिटे लहान मुलांना होत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी असतात. ती केबिनमध्ये नसतील तर कर्मचाऱ्याकडे मागावीत. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सारून वाट मोकळी करावी. दारापासून जिन्यापर्यंत किती पावले, हे मुलांना मोजायला सांगावे.

त्यानंतर होते ती सुरक्षेची कवायत. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडले, तेव्हा काही तासांपूर्वीच चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक झाले. आजीला यातून सूट मागण्याचा मोह टाळावा. तिला जिना चढायला किती वेळ लागतो, हे कवायतीतच कळते, आणि रात्री तिचा हात कोणी धरायचा व धाकट्याला कोणी उचलायचे, हेही तेव्हाच ठरवून टाकता येते. आजीच्या पलंगाजवळ झोपणाऱ्याकडे आजी, धाकट्याबरोबर झोपणाऱ्याकडे धाकटा. पलंगांची वाटणी अशी केली असली, की निराळी वाटणी करावी लागत नाही.

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या जहाजांवर बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे, औषधे आणि आजीची चप्पल त्यांतून आधी काढून घ्यावी. जहाज सकाळी धक्क्याला लागले, तरी सगळे प्रवासी उतरायला दुपार होऊ शकते. म्हणून परतीची गाडी दिवसाची न घेता रात्रीची घ्यावी, आणि तिचे तिकीट जातानाच्या तिकिटाबरोबरच काढावे. सुट्टीच्या दिवसांत खालचा बर्थ आयत्या वेळी मिळत नाही.